जीपचा पोचा आणि काशीनाथची आगारी

सुरुवातीलाच सांगते — अशा गोष्टींवर माझा विश्वास नव्हता, आणि खाली लिहिलेलं सगळं घडून गेल्यावरही तो बसलेला नाही. जळगावच्या एका दैनिकात मी बरीच वर्षं बातम्यांच्या टेबलावर होते. झपाटलेली विहीर, डोळ्यांतून पाणी काढणारी मूर्ती, वडाखालची बाई... तालुक्यांतून असल्या बातम्या अमावास्येच्या आसपास नेमाने यायच्या आणि मी त्या तितक्याच नेमाने टोपलीत टाकायचे. या सदरातले अनुभवही मी त्याच सवयीने वाचते. प्रत्यक्ष कुणी पाहिलं, ऐकीव किती, आणि सांगणाऱ्याला त्यातून काय मिळतं.

तरी लिहिते आहे. कारण या प्रकरणाची जी आवृत्ती आमच्या गल्लीत फिरली ती चुकीची होती, आणि तिच्यात माझ्या वडिलांवर एका माणसाच्या मृत्यूचा ठपका होता. चुकीची बातमी गेली की दुरुस्ती छापायची असते. ही दुरुस्ती समजा.

अमळनेरला, गावाच्या पारोळ्याकडच्या टोकाला आमचं घर. पुढे माझ्या धाकट्या भावाचं, प्रमोदचं, बी-बियाणं आणि खतांचं दुकान. मागे राहती जागा. बाजूला पत्र्याची मोठी शेड, आणि शेडमध्ये जीप.

ती आबांनी — आमच्या वडिलांनी — एका सरकारी खात्याच्या लिलावात घेतली होती. फोर-बाय-फोर, चारही चाकांना ताकद. पावसाळ्यात काळ्या मातीत बैलगाडी रुतायची तिथून ही निघायची. आबांनी मागचा भाग लांबवून घेतला, समोरासमोर बाकं बसवली, काळा-पिवळा रंग दिला आणि अमळनेर–पारोळा अशी प्रवासी वाहतूक सुरू केली. काळी-पिवळीतून फिरलेल्यांना थाप ठाऊक असते. मागच्या फूटबोर्डवर क्लीनर लोंबकळत उभा. पत्र्यावर एक थाप म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. ड्रायव्हरसमोर आरसा असतो, पण त्यात मागच्या बाकावरची बोचकी तेवढी दिसतात. तो चालतो थापेवर. आबा तर दोन थापा आल्याशिवाय गिअर टाकत नसत.

त्यांचा क्लीनर काशीनाथ. कितीतरी वर्षं त्यांच्यासोबत होता आणि एके दिवशी गल्लीतून नाहीसा झाला. मी तेव्हा शिकायला जळगावला होते. तो कुठे गेला असं कुणी विचारलं की आबा फक्त “गया” म्हणत. पुढे काही वर्षं आबांनी एकट्यानेच जीप चालवली, मग रिक्षा वाढल्या, आणि जीप शेडमध्ये जाऊन उभी राहिली. तिच्यावर खताची रिकामी पोती साठत गेली.

मागच्या पावसाळ्यात आबांना लकव्याचा झटका आला. डावा हात लुळा पडला, बोलणं तुटक झालं. दोन्ही हळूहळू थोडं सुधारलं, पण माणूस सुधारला नाही. दिवसभर खाटेवर, तोंड भिंतीकडे. डॉक्टर सांगत होते की यांना उठवा, कशात तरी गुंतवा. आम्ही टीव्ही लावला, नातेवाईक बोलावले. आबांनी कूस बदलली नाही.

मी नोकरी सोडून अमळनेरला राहायला आले होते. दिवाळीनंतर एका सकाळी शेड आवरताना पोती बाजूला केली आणि सहज बोनेटला हात घातला. मागून काठीचा आवाज आला. आबा दारात उभे होते.

“आधी बॅटरीनी वायर काढ,” ते म्हणाले. “मंग बोनेट.”

झटक्यानंतरचं त्यांचं हे पहिलं सलग वाक्य. जीप दुरुस्त करायची असं मी त्याच दिवशी ठरवलं. मला जुन्या गाड्यांचं वेड वगैरे काही नाही.

भिला मिस्तरी गावातलाच, डेंटिंग-पेंटिंगपासून वेल्डिंगपर्यंत सगळं करणारा. तो घरी येऊन काम करायला तयार झाला. हिवाळाभर शेडमध्ये जीपचे भाग पसरलेले होते. इंजिन धुळ्याला कामाला गेलं. चासी घासून, गंज काढून रंगवली. अपघातात गेलेल्या एका नव्या गाडीचं पॉवर स्टिअरिंग मिळालं, ते बसवलं. पुढे डिस्क ब्रेक आले, गिअरबॉक्स बदलला, वायरिंग सगळं नवं. आबा खुर्ची टाकून बसायचे आणि उजव्या हाताने नट-बोल्ट रॉकेलमध्ये धुवायचे. डिस्क ब्रेकला त्यांचा विरोध होता. जीपला ब्रेक लागतो ड्रायव्हरच्या अकलेने, असं त्यांचं म्हणणं. भिला मिस्तरी माझ्याकडे बोट दाखवत म्हणाला, आबा, अक्का चालवणार आहे, डिस्क राहू द्या. त्यावर आबा हसले. प्रमोद दुकानातून धावत आला, कारण तो आवाज आमच्या घरात बरेच महिने झाला नव्हता.

आता पोचा.

मागच्या डाव्या पत्र्यावर, चाकाच्या कमानीच्या वर, एक जुना खोलगट पोचा होता. तळहाताएवढा. आम्ही सगळे तो काशीनाथचा समजत होतो — वर्षानुवर्षं एकाच जागी थापा मारून पत्रा बसलेला. भिला मिस्तरीने लाकडी मोगरीने तो आतून ठोकून काढला, वर पुट्टी, प्रायमर, आणि आबांच्या पसंतीचा फिकट राखाडी रंग. काही दिवसांनी सकाळी पाहिलं तर पोचा परत होता.

स्पष्ट करते. पाच बोटं उमटली होती वगैरे जे सांगितलं जातं ते खोटं आहे. एक उथळ खळगा होता, एका बाजूला थोडा खोल. मला खटकला तो रंग. पुट्टी भरलेला पत्रा आत गेला तर पुट्टी तडकते, रंग फुटतो. इथे रंगावर रेघ नव्हती.

भिला मिस्तरी ओशाळला. जुन्या पत्र्याला सवय असते म्हणाला. त्याने तो अख्खा भाग कापून काढला आणि धुळ्याहून आणलेला कोरा पत्रा वेल्ड केला. या वेळी पुट्टीची गरजच नव्हती. होळी झाली, चैत्र तापायला लागला, आणि एका दुपारनंतर पोचा त्याच जागी दिसला. जुन्या पत्र्याचा मी फोटो काढून ठेवला होता, मोजपट्टी लावून. कमानीपासूनचं अंतर तेच.

दुकानाच्या कॅमेऱ्यात शेडचा तो कोपरा येतो. मी त्या दुपारचं चित्रण काढून पाहिलं. शेडमध्ये कुणी नव्हतं. टायरच्या सावलीला कुत्रं झोपलं होतं. नव्या रंगाच्या चकाकीत शेडच्या लोखंडी खांबाचं प्रतिबिंब पडत होतं — सरळ, उभी रेघ. आणि मग एका क्षणी ती रेघ मधेच वाकली. कुत्र्याने मान वर केली, पुन्हा खाली टाकली. बाकी काहीही नाही. हे चित्रण माझ्याकडे आहे.

धुळ्याच्या एका ओळखीच्या इंजिनिअरला मी ते दाखवलं. तो म्हणाला, उष्णतेने पातळ पत्रा फुगतो आणि टपकन आत बसतो, तेलाचा डबा दाबल्यावर बसतो तसा. मागून आधार द्या. मला हे पटलं. भिला मिस्तरीने पत्रा बाहेर काढून आतल्या बाजूने जाड लोखंडी पट्टी वेल्ड केली. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी पोचा परत आला होता. आतून पाहिलं — पट्टीसुद्धा वाकली होती.

भिला मिस्तरीने मोगरी पिशवीत टाकली आणि बाकीचं काम करीन, त्या पत्र्याला आता हात लावणार नाही म्हणाला. मी रागावले नाही. इंजिनिअरला फोन केला, तर तो म्हणाला की पट्टी मुळातच वाकडी असेल. ती सरळ होती, हे मी स्वतः पाहून घेतलं होतं.

इथपर्यंत हे शेडमधलं प्रकरण होतं. ते गल्लीत गेलं आखाजीला.

आखाजीला आमच्याकडे पितरांची घागर भरतात. मातीची नवी घागर, तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज. आणि दुपारी गोवरीच्या निखाऱ्यावर तूप आणि नैवेद्याचा घास, ज्याला आगारी टाकणं म्हणतात. प्रत्येक घासाला त्या त्या पितराचं नाव घ्यायचं. आजोबांचा झाला, आजीचा, आमच्या आईचा झाला. मग प्रमोदच्या बायकोने, सुरेखाने, आणखी एक घास उचलला आणि म्हणाली, “हा काशीनाथभाऊंना.”

सुरेखा मनाने वाईट नाही. तिला घरात शांतता हवी होती. तिचा हिशेब सरळ होता. पोचा काशीनाथचा, काशीनाथ दिसत नाही, म्हणजे तो मेला; मेला आणि घास मिळाला नाही म्हणून तो पत्र्यावर थापा मारतो. घास दिला की थांबेल.

शेजारची एक बाई कुरडयांचं ताट घेऊन त्याच वेळी दारात आली होती. संध्याकाळपर्यंत गल्लीत बातमी पक्की झाली. आजवर काशीनाथ कुठे गेला ही नुसती कुजबूज होती. आता खुद्द घरच्यांनीच त्याच्या नावाने घास टाकला. म्हणजे तो मेला, आणि हे घरच्यांना माहीत होतं. म्हणजे तो जीपवरून पडूनच मेला असणार, आणि आबांनी ते दडपलं. पारोळ्याच्या अलीकडचा एक वळणरस्ताही लोकांनी या मृत्यूसाठी नक्की केला. ज्या सफाईने हे रचलं गेलं तिचं मला व्यावसायिक कौतुक वाटलं. राग त्यानंतर आला.

आबा त्या दुपारी पानावरून न जेवता उठले होते. मी विचारलं, काशीनाथचं काय झालं? सांगा म्हणजे संपेल. त्यांनी मान हलवली. “शब्द देयेल शे,” म्हणाले. कुणाला दिलेला, ते सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी ते शेडमध्ये आले नाहीत. भिंतीकडे तोंड केलं ते केलंच.

प्रमोद वेगळ्याच बाजूने घायकुतीला आला होता.

“अक्का, लोक खत घ्यायला येतात आणि शेडकडे बघतात.”

“खत न घेता जातात का?”

“घेऊन जातात. पण बघतात.”

त्याने आधी यावलकडच्या एका भगताचं नाव काढलं. भगताला मोगरी धरता येत असेल तर बोलाव, मी म्हटलं. मग त्याने धुळ्याच्या भंगारवाल्याशी बोलून टाकलं. गाडी न्यायला सोमवारी ट्रक येणार होता. सुरेखा म्हणाली, जीप गेली की लोक विसरतील. मी म्हटलं, जीप गेली की लोकांना पुरावा मिळेल. आणि आबा जे खाटेवर पडलेत ते उठणार नाहीत. प्रमोदने ट्रक रद्द केला नाही.

सोमवारच्या आत मला एकच गोष्ट शोधायची होती. काशीनाथ मेला आहे, हे प्रत्यक्ष कुणाला माहीत होतं? कुणालाच नाही. मृताचं गाव, तारीख, नातेवाईक — काही नाही. अशा बातमीला टेबलावर एकच शेरा असतो: खात्री करा. मी तालुक्यांतल्या जुन्या वार्ताहरांना फोन लावत गेले. यावलच्या वार्ताहराने नाव ऐकून विचारलं, अमळनेरचा काशीनाथ? केळीच्या वेफर्सवाला?

मी एसटीने चोपडा, तिथून यावल गाठलं. स्टँडच्या बाहेर एक गाडा, मोठी कढई, आणि तिच्यामागे पांढऱ्या मिशांचा धिप्पाड माणूस थेट तेलावर केळी किसत होता. मी ओळख सांगितली. आबांची मोठी मुलगी म्हटल्यावर त्याने झारा खाली ठेवला आणि आधी आबा कसे आहेत ते विचारलं. मग मी का आले ते सांगितलं. अमळनेरात तुम्ही वारलेले आहात, असं मी म्हणाले.

“मी मरी गऊ?” त्याने कढईकडे बोट दाखवलं. “मंग हाऊ घाना कोन काढी राह्यना?”

मी आगारीचं सांगितलं. त्याचा चेहरा जरा उतरला. जिवंतपणी आपल्या नावाचा घास निखाऱ्यावर पडला हे कुणालाही झोंबणारच. मग त्याने विचारलं, “काय काय रांधेल व्हतं?”

पुरणपोळी, आमरस, कुरडया, सांजोऱ्या.

“आनि माले कोनी सांगं नही?”

गाड्याभोवतीची गिऱ्हाइकं हसली. तो हसला नाही. आबांनी खरं का सांगितलं नाही, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, शब्द दिला आहे म्हणतात. काशीनाथने किसणी पुसून बाजूला ठेवली. मग त्याने सांगितलं ते असं. त्याची बायको एकुलती एक. सासऱ्याने अट घातली की जावयाने यावलला येऊन राहावं. घरजावई झालो हे गल्लीत कळलं तर तोंड दाखवता येणार नाही, म्हणून त्याने आबांना शपथ घातली. आबांनीच त्याचं सामान जीपमध्ये घालून त्याला इथे आणून सोडलं. एवढंच. त्यानंतर त्याची मुलं झाली, त्यांची लग्नं झाली, सासरा गेला, गाडा त्याच्या नावावर झाला. ती लाज तो स्वतः कधीच विसरून गेला होता. आबा मात्र एका मृत्यूचा ठपका घेऊन ती सांभाळत होते.

“रविवारले येस,” काशीनाथ म्हणाला. “तो घास मना शे. मी खावाले येस.”

रविवारी दुपारी तो आला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात वेफर्सची पिशवी. सरळ घरात शिरला नाही. गल्लीच्या तोंडापासून एकेक दार घेत आला, प्रत्येक उंबऱ्याशी थांबून राम राम केला आणि मूठभर वेफर्स दिले. कुरडयांचं ताट आणणाऱ्या शेजारणीच्या दारात तो जरा जास्त वेळ थांबला.

“जित्ता शे, बाई. हात लाईसन देखी ल्या,” तो सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला. “घरजावई गऊ व्हतू. आबानी मनी लाज राखी.”

शेजारीण म्हणाली की तिला पहिल्यापासून वाटतच होतं. काय वाटत होतं ते तिने सांगितलं नाही.

सुरेखाने आखाजीचाच स्वयंपाक पुन्हा केला. काशीनाथ आबांच्या खाटेशी गेला, आणि दोघांत काय बोलणं झालं ते मी लिहिणार नाही. मला ते ऐकू आलं नाही. आबा उठून बाहेर आले एवढं खरं. दोघे एका पंगतीला बसले. आमरसाची वाटी काशीनाथने तीनदा मागितली आणि दर वेळी सुरेखाला विचारलं की निखाऱ्यावर टाकला तो घास मोठा होता की लहान. ती शेवटी हसली.

इथे हा मजकूर संपायला हवा होता. आरोप खोटा ठरला होता, आणि मला तेवढंच हवं होतं.

पण जेवणानंतर काशीनाथ जीप पाहायला शेडमध्ये आला. नवं स्टिअरिंग त्याने फिरवून पाहिलं, बायकी झालं म्हणाला. मग मागे गेला. पोच्यासमोर थांबून त्याने हात लावला. त्याचा पंजा खळग्याच्या चारही बाजूंनी बाहेर राहिला.

“हाऊ मना नही.”

वयाने हात जाडावला असेल, प्रमोद म्हणाला. काशीनाथने मान हलवली. तो कायम उजव्या बाजूने थाप मारायचा, ड्रायव्हरच्या पाठीमागे. कारण आबांना डाव्या कानाने पहिल्यापासून कमी ऐकू येतं. डाव्या पत्र्यावर त्याने कधीच थाप मारली नव्हती. तो सोडून गेला त्या दिवशी हा पत्रा सपाट होता. हे त्याने शपथेवर सांगितलं. उजवा पत्रा आम्ही पाहिला. तिथे दुरुस्तीआधी लहान-मोठे ठोके भरपूर होते, आणि भिला मिस्तरीने पुट्टी भरल्यापासून त्यांतला एकही परत आला नव्हता.

मी आबांकडे वळले. काशीनाथ गेल्यावर दुसरा क्लीनर होता का? नव्हता.

“मग थाप कोण मारायचं?”

आबा खुर्चीत बसले. शब्द जुळवायला त्यांना वेळ लागतो, आम्ही थांबलो.

“काशी गया,” ते म्हणाले, “मंग थाप डावीकडथून ये.”

“पॅसेंजर मारत असतील,” मी म्हटलं.

“असतीन.”

“आणि गाडी रिकामी असायची तेव्हा?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना प्रश्न कळला नाही असं नव्हतं. उत्तर देण्यासारखं त्यात काय आहे, असा त्यांचा चेहरा होता.

“मांगे पाहानं डायवरनं काम नही.”

काशीनाथ संध्याकाळच्या एसटीने गेला. जाताना त्याने पोच्याकडे पाहायचं टाळलं, हे मी नोंदवते. प्रमोद आता खरा घाबरला होता. आधी निदान नाव तरी होतं, अक्का, तो म्हणाला. आता तर कुणीच नाही. सोमवारचा ट्रक त्याने कायम ठेवला. मी त्याला सांगितलं की या घरातून ही गाडी निघेल ती स्वतःच्या चाकांवर, आणि स्टिअरिंगवर मी असेन. गरज पडली तर फाटकात खुर्ची टाकून बसायची माझी तयारी होती.

त्याची वेळ आली नाही. सोमवारी सकाळी ट्रक आला तेव्हा आबा जीपमध्ये होते. ड्रायव्हरच्या सीटवर. कुणीही मदत न करता ते कसे चढले मला माहीत नाही. लुळा हात मांडीवर, उजवा स्टिअरिंगवर. भंगारवाल्याने प्रमोदकडे पाहिलं, प्रमोदने आबांकडे.

“आबा, उतरा,” प्रमोद म्हणाला. “गाडी चांगली नाही. तो पोचा कोणाचा आहे ते तरी माहीत आहे का आपल्याला?”

“गाडी मनी शे,” आबा म्हणाले. “पोचा बी मना शे. दोन्ही कोनले देवाना नहीत.”

दुकानासमोर खतासाठी आलेले शेतकरी उभे होते. या वेळी ते उघड बघत होते. मग रस्त्यावर जाऊन प्रमोदने स्वतः हात दाखवत ट्रक मागे घ्यायला लावला.

तेव्हापासून आम्ही तो पत्रा ठोकलेला नाही. पोचा आहे तसा आहे. जीप मी चालवते. पारोळ्याच्या बाजाराला, शेतावर, मधे एकदा यावलला. आबा शेजारी बसून माझ्या गिअर टाकण्याला नावं ठेवतात. प्रमोदची जीपशी अजून बोलचाल नाही, पण परवा तिच्यातून खताच्या गोण्या नेल्याचं माझ्या कानावर आलं आहे.

राहिला खुलासा. उष्णता म्हणावी तर तिने पट्टी वाकत नाही. कुणाची खोडी म्हणावी तर चित्रणात कुणी नाही. काशीनाथचा आत्मा म्हणावा तर तो रोज संध्याकाळपर्यंत वेफर्स तळतो. घटना खरी आणि तिचं कारण हाती नाही, अशा वेळी आम्ही बातमीच्या शेवटी एक ठरलेलं वाक्य लिहायचो. त्याचा मला नेहमी कंटाळा यायचा, पण त्यापेक्षा प्रामाणिक वाक्य माझ्याकडे आजही नाही.

कुणाला पत्र्याचं शास्त्र कळत असेल तर दिवसाउजेडी यावं, चहा मिळेल. लिंबू-मिरची घेऊन येणाऱ्यांना फाटकातूनच परत पाठवण्यात येईल.

कारण समजू शकलेले नाही. गाडी चालू आहे.